संगणकाची बेरीज तपासावी कशी?



वजनकाट्याची पावती आपण सगळे डोळ्यांत तेल घालून बघतो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ ऊस. पण पुढे त्या पावत्यांची बेरीज होऊन बिल निघतं, तिथे मात्र आपण म्हणतो, "संगणकाने केलंय, बरोबरच असणार." आता दिलेला आकडाच संगणकात जसाच्या तसा मावत नसेल तर?

जुन्या मंडळींना आण्यांचा हिशेब आठवत असेल. रुपयाचे सोळा आणे. अर्धा, पाव, आठवा, सोळावा हिस्सा. संगणक आतून असाच निम्म्या-निम्म्याने भाग पाडतो, म्हणून चार आणे, दोन आणे, एक आणा त्याला अचूक बसतात. 1957 साली दशमान पैसा आला. रुपयाचा दहावा हिस्सा, म्हणजे 10 पैसे, त्या निम्म्या-निम्म्याच्या मापात कधीच पुरा बसत नाही. 1 ला 3 ने भागलं की 0.333 संपत नाही ना, तसंच. मग संगणक जवळचा आकडा धरतो. फ्लोटिंग पॉइंट नावाच्या पद्धतीत 0.1 दहा वेळा मिळवा. उत्तर 1 नव्हे, 0.9999999999999999 येतं. पडद्यावर दोनच दशांश दिसतात, म्हणून 1.00 वाचून आपण खूश!

आपल्या तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्यांच्या 'लीलावती'त अपूर्णांकांची बेरीज समच्छेद करून होते, तिथे दहावा हिस्सा दहावाच राहतो. असो.

एवढ्याशा फरकाने बिल बुडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. खरा धोका मोठ्या बेरजेत लहान रक्कम टाकताना. कमी जागेच्या प्रकारात (याला सिंगल प्रिसिजन म्हणतात) सातेक आकडेच नीट राहतात. बेरीज 1,67,77,216 वर पोचली की त्यात 1 मिळवला तरी ती हलत नाही. लाख वेळा एकेक मिळवा, तरी तिथेच!

म्हणून चाचणी अशी घ्यावी. आधी 1 कोटी रुपये, मग 25 पैसे लाख वेळा. खरं उत्तर 1,00,25,000. सिंगल प्रिसिजनमध्ये 1 कोटीच राहतात, 25 हजार गडप. आता क्रम उलटा करा, आधी पैसे आणि शेवटी कोटी; उत्तर बरोबर येतं. आकडे तेच, क्रम बदलला की बेरीज बदलते, म्हणजे आत गळती आहे असं समजावं. मात्र 25 आणि 50 पैशांवरच थांबू नका, ते तर अचूक बसणारेच. 10 पैशांनीही बघा.

हे कागदावरचं भय नव्हे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी 1982 मध्ये आपला निर्देशांक 1000 वरून सुरू केला. प्रत्येक फेरमोजणीत तिसऱ्या दशांशापुढचं शेपूट सरळ छाटलं जाई. नोव्हेंबर 1983 पर्यंत निर्देशांक 525 च्या आसपास घसरला. हिशेब दुरुस्त केल्यावर तो सुमारे 1099 निघाला.

उपाय जुनाच, हातचा धरायचा. विल्यम काहान या गणितज्ञाने 1965 मध्ये रीत दिली: प्रत्येक बेरजेत जे सांडलं ते वेगळं जपायचं आणि पुढच्या रकमेत मिळवायचं. पैशाच्या हिशेबाला आमच्या मते याहून सोपा मार्ग आहे. टनाऐवजी किलो आणि रुपयाऐवजी पैसे धरावेत, म्हणजे दशांश चिन्हच नको. दुप्पट जागेच्या प्रकारात पूर्ण पैसे सुमारे 90 लाख कोटी रुपयांपर्यंत बिनचूक राहतात; एवढा ऊस अख्ख्या खानदेशात पिकत नाही, बरं का.

घरी पडताळणी करताना सगळ्या पावत्यांचे किलो आधी मिळवा, भावाने गुणून 1000 ने भागा, आणि कपाती शेवटी एकदाच वजा करा.