चांदीखालचं फ्लॉरेन्स

जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या जांभ्या दगडाच्या चर्चमध्ये शिरलं, की सगळ्यांच्या माना वर होतात. उंचावर चांदीची पेटी, पेटीत सेंट फ्रान्सिस झेवियर, ‘गोंयचो सायब’. मीही दोनदा मान वर करूनच बाहेर पडलो होतो. तिसऱ्या खेपेला गर्दी कमी होती, नजर जरा खाली उतरली, आणि ज्यावर पेटी विराजमान आहे तो रंगीत दगडांचा चौथरा पहिल्यांदा दिसला. तो थेट फ्लॉरेन्सहून आलाय!

घडवणारा जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जीनी, जन्म १६५२. टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याने त्याला शिकायला रोमला धाडलं. दगडातल्या वस्त्रालाही वारा लागावा, ही बरोक हातोटी तो तिथे शिकला आणि परतल्यावर टस्कनीचा दरबारी शिल्पकार झाला. फ्लॉरेन्समध्ये संत आंद्रेआ कोर्सिनीच्या चॅपलमधली संगमरवरी उठावशिल्पं त्याची. सांता क्रोचेत गॅलिलिओच्या कबरीवरचा अर्धपुतळाही त्याचाच.

गोव्याच्या कामाला निमित्त झालं ते एका उशीचं. झेवियरच्या डोक्याखालची उशी जेझुइटांनी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला भेट दिली. कोसिमो कमालीचा भाविक. उशीची परतफेड त्याने अख्ख्या समाधीने केली!

काम सुमारे दहा वर्षं चाललं. त्यात नवल नाही. मेदिचींच्या कारखान्यात जास्परसारखा कठीण दगड कापायला दातेरी करवत नसे. लाकडाच्या धनुष्याला लोखंडी तार ताणायची, कुरुंदाची ओली पूड सोडत राहायची आणि तार पुढेमागे ओढायची. दगड कापते ती पूड, तार नुसती तिला फिरवते. असे पातळ काप घासून, कडेला कड अशी भिडवायची की सांध्यात नखही शिरू नये. ताजमहालावरची पच्चीकारी याच जातीची.

चौथऱ्याच्या चार बाजूंना ब्राँझची चार उठावशिल्पं आहेत: झेवियर उपदेश करतो, बाप्तिस्मा देतो, मोरो बेटावरच्या पाठलागातून निसटतो, आणि चीनच्या दारात, सांगच्वान बेटावर प्राण सोडतो.

हा सगळा डोलारा सुटा करून जहाजावर चढवला. सोबत प्लाचिदो राम्पोनी हा कारागीर आला, कारण तुकडे जुळवायचे कसे हे गोव्यात कोणाला ठाऊक असणार? १६९८ मध्ये त्याने तो इथे उभा केला. फोज्जीनी मात्र गोव्याला आलाच नाही. १७२५ मध्ये तो फ्लॉरेन्सलाच वारला.

वरची पेटी चौथऱ्याच्या आधीची, १६३६-३७ सालची. ती गोव्याच्या सोनारांनी घडवली, आणि तिच्या चांदीच्या पत्र्यांवरही झेवियरचंच चरित्र कोरलंय. म्हणजे तीच गोष्ट दोनदा: खाली फ्लॉरेन्सच्या ब्राँझमध्ये, वर गोव्याच्या चांदीत. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी सांगितलेली.