कारखान्यात घडणारे घर

पुण्यात घर बांधायला काढले की गवंडी विचारतो, ‘वीट की सिपोरेक्स?’ हे नाव मूळचे स्वीडनचे. तेथेच १९२० च्या दशकात सच्छिद्र, हलक्या काँक्रीटची कृती सिद्ध झाली. अभियंते बी. जी. शिर्के यांनी १९७० च्या दशकात त्याचे उत्पादन पुण्यात आणले. पुढे त्यांच्या कंपनीने घराचे सुटे भागच कारखान्यात ओतण्याची ‘थ्री-एस’ पद्धत रूढ केली. पोकळ खांब आणि तुळया तयार येतात, जागेवर उभारून खांबांच्या पोकळीत काँक्रीट भरले जाते आणि वर सिपोरेक्सच्या लाद्या बसतात. सिडकोच्या वसाहतींत ही पद्धत वापरली गेली आहे.

पर्यावरणाचा लाभ कोठे होतो? सिमेंट, चुना व बारीक वाळूच्या मिश्रणात किंचित अॅल्युमिनियमची पूड पडली की वायू सुटून ते पावासारखे फुगते आणि सुमारे १९० अंशांच्या वाफेवर पक्व होते. मातीची वीट जवळजवळ १००० अंशांवर भाजावी लागते, शिवाय तिच्यासाठी शेताचा सुपीक थर खरवडला जातो. सिपोरेक्सचे वजन विटेच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणून सांगाड्याला लोखंडही कमी लागते. तयार भागांमुळे शटरिंगचे लाकूड वाचते, राडारोडा घटतो. ऐन वैशाखात टँकर मागवून स्लॅबवर आळी करणाऱ्या या शहरात वाचलेले पाणी लहान गोष्ट नव्हे.

अर्थात सिमेंट निर्दोष नाही, आणि माल शेकडो किलोमीटर वाहून नेला तर डिझेल हा लाभ खाऊन टाकते. अशा घराची भिंत मनाला येईल तशी फोडताही येत नाही.

आम्हांला याहून महत्त्वाचा वाटतो तो वीटभट्टीचा हंगाम. तो दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे नेमके शाळेचे दुसरे सत्र. उचल घेतलेली कुटुंबे हजार विटांच्या दराने माती थापतात आणि मुले त्यांच्याबरोबर भट्टीवर जातात. ही कुटुंबे बहुतांशी दलित, आदिवासी, भटक्यांची. आपल्या वाचकांना ती परकी नाहीत. भट्ट्या कमी झाल्या तर माती वाचेल, पण त्या कुटुंबांचे काम कारखान्यात आपोआप जाणार नाही. तेथे साचे लावणारा, क्रेन चालवणारा, सांधे भरणारा प्रशिक्षित कारागीर लागतो. त्यासाठी आयटीआय करावे लागते, आणि तेथील बहुतेक ट्रेडना दहावी उत्तीर्ण असावे लागते.