चौथी मिति व आपली कल्पनाशक्ति

भूमितीसारखा विषय रेडिओवरील भाषणासाठीं निवडणें हें एक धाडसच आहे. शाळेंत माझ्या पाठीमागें फळा असे, हातांत खडू असे, आणि मुलांच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलें कीं नाहीं हेंहि कळत असे. येथें त्यांपैकीं कांहींच नाहीं. तुमच्यापर्यंत पोहोंचतो तो केवळ माझा आवाज. परंतु आजचा विषयच असा आहे कीं, त्याला फळ्याचा फारसा उपयोग नाहीं. ज्या आकृतीविषयीं मी बोलणार आहें ती कागदावर, फळ्यावर किंवा मातीच्या गोळ्यांतहि पुरती उतरत नाहीं. तेव्हां वक्ता आणि श्रोते यांची स्थिति आज अगदीं सारखी आहे, असें समजून आरंभ करतों.

प्रथम मिति म्हणजे काय तें पाहूं. एखादी वस्तु कोठें आहे हें सांगण्यास जितकीं स्वतंत्र मापें द्यावीं लागतात तितक्या मिति. रुळावरून धांवणाऱ्या आगगाडीचें स्थान एका आकड्यानें सांगतां येतें: स्टेशनापासून अमुक किलोमीटर. बुद्धिबळाच्या पटावरील मोहरें कोणत्या घरांत आहे हें सांगण्यास दोन आकडे लागतात. खोलींत टांगलेल्या दिव्याचें स्थान सांगावयाचें तर तीन: या भिंतीपासून इतका, त्या भिंतीपासून इतका आणि जमिनीपासून इतका उंच. लांबी, रुंदी व उंची. येथें आपली यादी संपते. तुम्ही बसलां आहां त्या खोलीचा एखादा कोपरा पाहा. तेथें तीन रेषा एकत्र येतात व प्रत्येक रेषा दुसऱ्या दोघींशीं काटकोन करते. आतां या तिघींशींहि काटकोन करणारी चौथी रेषा कोठें काढावी? बोट जिकडे वळवावें तिकडे तें या तिघींपैकीं कोणाकडे तरी झुकलेलेंच असतें.

हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांतील एका मुलानें विचारला होता. "हें परीक्षेला नाहीं, खालीं बैस," असें सांगून मीं त्याला गप्प केलें. खरें कारण असें होतें कीं, उत्तर मलाच ठाऊक नव्हतें. सेवानिवृत्तीनंतर सवडीनें जें वाचलें त्यावरून कळलें कीं, तो प्रश्न मुळींच पोरकट नव्हता. १० जून १८५४ रोजीं जर्मनींतील ग्यॉटिंगेन येथें रीमान या तरुण गणितज्ञानें जें व्याख्यान दिलें, त्यांत कितीहि मितींच्या अवकाशाचा विचार मांडलेला आहे. गणिताला तीनवर थांबण्याचें कांहींच कारण नाहीं. थांबते ती आपली कल्पना. ती कां थांबते, आणि तिला पुढें नेतां येईल काय, हा आजचा प्रश्न.

पण आपणांस तीन मिति तरी खरोखर दिसतात काय? डोळ्याच्या आंतील पडद्यावर जें चित्र उमटतें तें छायाचित्रासारखें सपाटच असतें. दोन डोळ्यांच्या चित्रांतील किंचित् फरक, छायेचा गडदपणा आणि हातानें चांचपून पाहिल्याचा अनुभव यांवरून खोली ही मन आपली आपण उभारतें. १६८८ सालीं आयर्लंडमधील विल्यम मॉलिनो यानें लॉक या तत्त्वज्ञाला एक कोडें घातलें होतें: जन्मांधाला स्पर्शानें गोल व घन यांतील भेद कळतो, त्याला एकाएकीं दृष्टि आली तर नुसतें पाहून तो गोल कोणता व घन कोणता हें सांगूं शकेल काय? या कोड्याचा कस भारतांत लागला. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' या उपक्रमांत शस्त्रक्रियेनें दृष्टि मिळालेल्या पांच मुलांची परीक्षा घेण्यांत आली व तिचा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. हातानें ओळखलेली वस्तु नुसत्या डोळ्यांनीं ओळखणें त्यांना प्रथम साधलें नाहीं. परंतु थोड्याच दिवसांत तें साधूं लागलें. याचा अर्थ असा कीं, घन पदार्थ 'पाहणें' हीसुद्धां एक शिकून घेतलेली विद्या आहे. मग चौथी मिति शिकतां कां येऊं नये?

गणिती तिच्याकडे पायरीपायरीनें जातो. एक बिंदु सरकवला कीं रेषा होते. रेषा तिच्याशीं काटकोनांत तेवढ्याच अंतरानें सरकवली कीं चौरस होतो. चौरस वर उचलला कीं घन. आतां हा घन त्या न सांपडणाऱ्या चौथ्या दिशेनें तेवढाच सरकला असें मानूं. जी आकृति होईल तिला १८८८ सालीं चार्ल्स हॉवर्ड हिंटन यानें 'टेसरॅक्ट' हें नांव दिलें. आपण तिला अतिघन म्हणूं. ती डोळ्यांपुढें येत नाहीं, पण मोजतां येते. रेषेला टोकें २, चौरसाला कोपरे ४, घनाला ८. म्हणून अतिघनाला १६. कडांचा हिशेबहि सोपा आहे. पहिल्या जागेवरील घनाच्या कडा १२, सरकल्यानंतरच्या १२, आणि सरकतांना आठ कोपऱ्यांनीं आंखलेल्या ८, एकूण ३२. याच रीतीनें चौरस पृष्ठें २४ होतात आणि अतिघनाभोंवतीं ८ घन असतात. न पाहिलेल्या घराचीं दारें-खिडक्या बिनचूक मोजावीं, तसा हा प्रकार आहे.

मोजणें झालें, पण समाधान होत नाहीं. त्यासाठीं एक पायरी खालीं उतरून पाहणें हा उत्तम मार्ग. लंडनमधील एका शाळेचे मुख्याध्यापक एड्विन ॲबट यांनीं १८८४ सालीं 'फ्लॅटलँड' नांवाची एक लहानशी कादंबरी लिहिली. तींतील पात्रें सपाट प्रतलांत राहतात. वर व खालीं हे शब्दच त्यांना ठाऊक नाहींत. त्यांच्या जगांतून एखादा गोल आरपार गेला तर त्यांना काय दिसेल? प्रथम एक ठिपका, मग वाढत जाणारें वर्तुळ, मग लहान होत जाणारें वर्तुळ, आणि शेवटीं कांहींच नाहीं. गोल जसाच्या तसा आहे. त्याचे छेद मात्र त्यांच्यापुढें एकामागून एक येतात.

हा प्रयोग घरीं करून पाहण्यासारखा आहे. बटाट्याचा एक नीट घन कापा. तो असा धरा कीं एक कोपरा अगदीं वर व त्याच्या समोरचा अगदीं खालीं येईल. आतां वरून आडवे काप घेत चला. प्रथम लहान त्रिकोण मिळेल, मग मोठा. त्यानंतर त्याचे कोपरे छाटले जाऊं लागतील, आणि बरोबर मध्यावर सहाहि बाजू सारख्या असलेला षट्कोण निघेल! ज्या घनाचीं सर्व पृष्ठें चौरस, त्याच्या पोटांत षट्कोण असेल असें किती जणांना आधीं वाटलें होतें? कारण उघड आहे: मधला काप सहाहि पृष्ठांना छेदतो. पण कारण समजणें आणि चित्र आधीं मनांत येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तीन मितींतहि आपली कल्पना किती आळशी असते, हें हा बटाटा दाखवतो. याच रीतीनें अतिघन कोपऱ्याच्या बाजूनें आपल्या खोलींतून गेला तर प्रथम ठिपका, मग चार त्रिकोणी पृष्ठांचा वाढता घनाकार, आणि बरोबर मध्यावर आठ त्रिकोणांनीं वेढलेला सुबक अष्टफलक दिसेल. नंतर हाच क्रम उलटा.

छेद मनांत पाहण्याची ही विद्या एका स्त्रीनें जेथवर नेली तेथवर फार थोड्यांनीं नेली असेल. तर्काला बीजगणिताचें रूप देणारे जॉर्ज बूल यांची ही कन्या, ॲलिशिया, जन्म १८६०. आई मेरी एव्हरेस्ट ही भारताचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. ॲलिशिया चार वर्षांची असतांनाच वडील वारले. विद्यापीठाचें शिक्षण तिला मिळालें नाहीं. पुढें वर सांगितलेले हिंटन तिचे मेहुणे झाले. चौथ्या मितीची संवय व्हावी म्हणून ते रंगीत लांकडी घनांचा एक संच वापरीत. तो पाहून या मुलीनें जें आरंभिलें, तें हिंटनच्याहि पुढें गेलें.

तीन मितींत सर्व बाजूंनीं सारखे असे घनाकार पांचच आहेत. चार मितींत तसे सहा आहेत, हें स्वित्झर्लंडमधील श्लेफ्ली यानें १८५२ च्या सुमारासच सिद्ध केलें होतें. पण त्याचा ग्रंथ फार लांब म्हणून विद्वत्सभांनीं छापला नाहीं. तो समग्र निघाला १९०१ सालीं, ग्रंथकार वारल्यानंतर सहा वर्षांनीं. ॲलिशियाबाईंना यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. त्यांनीं ते सहाहि आकार आपले आपण शोधले. १८९० सालीं त्यांचा विवाह झाला; दोन मुलें, घरचा व्याप, आणि त्यांतच पुठ्ठ्यांचे नमुने करणें चालू. त्या सहांपैकीं एक आकार ६०० चतुष्फलकांनीं वेढलेला आहे. तो आपल्या अवकाशांतून जातांना पाठोपाठ कोणते छेद दिसतील, ते त्यांनीं पुठ्ठ्यांत उभे केले. हॉलंडमधील ग्रोनिंगेनचे प्राध्यापक स्खौटे यांनीं त्याच आकारांचे मध्यछेद गणितानें काढून प्रसिद्ध केले होते. बाईंनीं आपल्या नमुन्यांचीं छायाचित्रें त्यांना पाठविलीं. दोन्ही तंतोतंत जुळलीं. पुढें उभयतांनीं अनेक वर्षें एकत्र काम केलें, आणि १९१४ सालीं त्या विद्यापीठानें बाईंना सन्मान्य डॉक्टर ही पदवी दिली.

मग या बाईंना चौथी मिति दिसत होती काय? मला वाटतें, या प्रश्नांत 'दिसणें' हा शब्दच आपल्याला फसवतो. कल्पना म्हणजे डोळ्यांपुढें चित्र येणें एवढेंच नव्हे. पुढचा काप कोणता निघेल हें चाकू चालण्यापूर्वीं ओळखणें, आणि तें बरोबर ठरणें, हीच खरी कल्पना. ती सरावानें येते, व तिची परीक्षा घेतां येते.

परीक्षा हा शब्द मीं मुद्दाम वापरला. रांगोळीनें काढलेलीं लक्ष्मीचीं पावलें आठवा. डावें पाऊल जमिनीवर कितीहि फिरवलें तरी त्याचें उजवें होत नाहीं. पण तेंच कागदाचें कापून उचललें व पालथें घातलें कीं तात्काळ उजवें होतें. कारण तें तिसऱ्या मितींतून फिरून आलें. डाव्या पायाची वहाण चौथ्या मितींतून फिरवली तर ती उजव्या पायाची होईल, हें म्यॉबियसनें १८२७ सालींच ओळखलें होतें. तेथें दोरीची गांठहि टोकें न सोडतां सुटेल. येथवर भूमिति. पण १८७७ सालीं लाइपझिगमध्यें हेन्री स्लेड नांवाच्या 'माध्यमा'नें टोकांना मोहोर लावलेल्या दोरीवर गांठी पाडून दाखविल्या, आणि त्सोल्नर या प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञानें त्या चार मितींत वावरणाऱ्या पिशाच्चांनीं पाडल्या असें मानलें. दोरी बदलतां येते. अखंड लांकडाच्या दोन निराळ्या कड्या एकमेकींत अडकवून दाखवा, अशी हातचलाखीला न जुमानणारी कसोटी पुढें आली. ती मात्र पार पडली नाहीं. कड्या मेजाच्या पायांत सांपडल्या, एकमेकींत नव्हे. भूमिति म्हणते, 'जर चौथी दिशा असेल तर असें होईल'. तो 'जर' गाळला कीं शास्त्राचा तमाशा होतो.

येथें कोणी म्हणेल कीं, काळ हीच चौथी मिति नव्हे काय? मिन्कोव्स्की यानें १९०८ सालीं काळ व अवकाश यांना एका चतुर्मितींत गोंवलें हें खरें. पण त्याच्या गणितांत काळाचें चिन्ह अवकाशाच्या उलट असतें. मागें-पुढें हवें तसें फिरतां येणारी ती दिशा नव्हे. दोन्हींची गल्लत करूं नये.

शेवटीं, जेथें कल्पना अगदींच थकते तेथलें एक उदाहरण सांगतों. एक हात बाजूच्या चौरसाचा कर्ण दोहोंच्या वर्गमूळाइतका, घनाचा तिहींच्या; म्हणून अतिघनाचा चारांच्या वर्गमूळाइतका, म्हणजे बरोबर दोन हात. शंभर मितींच्या घनाची प्रत्येक बाजू एक हातच असेल, पण कर्ण दहा हात! हें मनाला पटत नाहीं. पण पायथागोरसचा सिद्धांत पटला असेल तर हें नाकारतां येत नाहीं. आणि हा नुसता खेळ नाहीं. आजचे संगणक एका एका शब्दाचा अर्थ शेंकडों आकड्यांनीं नोंदतात, म्हणजे तितक्याच मितींत वावरतात. सारखे गोल दाटीनें कसे रचावे, हा फळवाल्याचा प्रश्न आठ मितींत मरीना व्याझोव्स्का या विदुषीनें २०१६ सालीं सोडविला, व २०२२ सालीं तिला फील्ड्स पदक मिळालें.

श्रोतेहो, या विषयाच्या इतिहासांत शाळामास्तर पुष्कळ भेटतात. ॲबट मास्तर, हिंटन मास्तर. श्लेफ्लीनेंहि थून गांवीं दहा वर्षें शाळा शिकविली. ते सर्व मजहून थोर, कारण खोलीच्या कोपऱ्यांतील तो प्रश्न त्यांनीं खालीं बसविला नाहीं. माझ्या वर्गांतील तो मुलगा आतां पन्नाशीला आला असेल. तो ऐकत असेल तर त्याला सांगावयाचें एवढेंच: ती चौथी रेषा कोठें काढावी हें मला अजूनहि दाखवतां येणार नाहीं, पण ती काढली असती तर काय काय झालें असतें, हें आपण दोघे मिळून मोजूं शकलों असतों. तें उत्तर त्या दिवशीं देतां आलें असतें. बटाटा तेव्हांहि होता.