पॅक-१२ कशी फुटली?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ ही विद्यापीठांची क्रीडा परिषद १९१५ पासूनचा वारसा सांगणारी. २०२४ मध्ये तिच्यात उरली फक्त दोन विद्यापीठं: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट!

कारण टीव्हीचा पैसा. बिग टेन परिषदेचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी झालेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या घरातला. पॅक-१२ मधली यूएससी, यूसीएलए ही विद्यापीठं तिकडे निघाली. पॅक-१२ च्या हाती उरला अ‍ॅपलचा सामने दाखवण्याचा प्रस्ताव, तोही वर्गणीदार किती मिळतात यावर अवलंबून. ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात पाच विद्यापीठांनी काढता पाय घेतला. स्टॅनफर्ड तर थेट अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत!

नव्या परिषदांत सामन्यांसाठी लांबचा प्रवास आला. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकच. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनी अभ्यास सांभाळून देशाच्या दुसऱ्या टोकाला किती खेपा घालायच्या? मला हा त्यांच्यावरचा सरळ अन्याय वाटतो.