तोंडातली तंबाखू (लेखांक 5) : मशेरी ‘लावतात’ म्हणून

मागच्या लेखात तंबाखू-चुन्याचा विचार केला. आज तंबाखूच्या अशा रूपाकडे वळू, ज्याला तंबाखू म्हणायलाच अनेक घरे तयार नसतात. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि बोटावर घेऊन दाता-हिरड्यांना चोळायची, ही मशेरी. कुणी तिला मिश्री म्हणते. तिच्याबरोबर येणारे क्रियापद नीट ऐकण्यासारखे आहे. तंबाखू खातात, विडी ओढतात, मशेरी मात्र ‘लावतात’. लावायची वस्तू म्हणजे दंतमंजन, असा अर्थ त्या एका शब्दात आपोआप येतो. त्यामुळे दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की बाई ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ती खोटे बोललेली नसते. पण त्या ‘नाही’ची किंमत मोठी आहे. ती बाई गरोदर असेल तर ती किंमत बाळालाही मोजावी लागते.

हे नुसते अनुमान नाही. मुंबईतल्या 1217 गरोदर स्त्रियांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेणारा प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेचा अभ्यास 2004 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. त्यांतल्या शंभरातल्या सुमारे 17 जणी धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, आणि ती बहुतेक मशेरीच होती. त्यांच्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झाले. याच स्त्रियांच्या नोंदींवर पुढे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मृत बाळ जन्मण्याचा धोका तंबाखू वापरणाऱ्यांत अडीच पटींहून जास्त आढळला. यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : मशेरी लावणाऱ्या बायका गरीब, कष्टकरी, अर्धपोटी, बाळ हलके भरते ते गरिबीमुळे. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच संशोधकांनी शिक्षण, आर्थिक स्थिती, आईचे वजन, रक्तक्षय यांचा परिणाम हिशेबातून वेगळा काढला. 105 ग्रॅमचा फरक त्यानंतर उरलेला आहे. दुसरा आक्षेप, 105 ग्रॅम म्हणजे असे कितीसे? ज्या बाळाचे वजन तीन किलो भरणार होते त्याला कदाचित फार नाही. पण अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे मानले जाते, आणि आपल्याकडे कितीतरी बाळे त्या रेषेच्या आसपासच जन्मतात. शिवाय सरासरी 105 असते तेव्हा काही बाळांचा तोटा त्याहून बराच जास्त असतो.

मशेरी गिळत नाही, चूळ भरून थुंकून टाकतो, असेही म्हटले जाते. निकोटिनला पोटात जावेच लागत नाही. हिरड्या आणि गालाच्या आतली नाजूक त्वचा ते थेट रक्तात ओढून घेते. तंबाखू गालात धरणाऱ्याला तरतरी येते ती याच वाटेने. रक्तात गेलेले निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, वारेतून पार होऊन बाळापर्यंत पोचते. भाजल्याने तंबाखू ‘मरते’ हा समज तर उलटाच आहे. तंबाखूतली कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स पान सुकवताना आणि मुरवतानाच तयार झालेली असतात, आणि तव्यावर करपताना जळण्यातून निर्माण होणाऱ्या घातक संयुगांची त्यांत भर पडते. धूरविरहित तंबाखूने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदवले आहे.

राहिला दातांचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक जणींची सुरुवात तिथूनच होते. दाढ ठणकते, जवळ दंतवैद्य नसतो, असला तर परवडत नाही; शेजारीण चिमूटभर मशेरी देते. ठणका बधिर होतो, कीड तशीच राहते. पुढे दुखणे नसले तरी बोट डब्याकडे जाते. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रारही खरी असते, पण आतड्याला निकोटिनची सवय लागल्याचे ते लक्षण आहे. सोडल्यावर चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठ होते आणि काही आठवड्यांत ओसरते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी केली. घरच्या तव्यावर मात्र कोणताही कायदा पोचत नाही.

तिथे पोचू शकतो तो नेमका प्रश्न. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर स्त्रियांमागे धूम्रपान करणाऱ्या दीडसुद्धा भरल्या नाहीत. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मात्र साडेसोळा निघाल्या. म्हणजे ‘विडी-सिगारेट ओढता का?’ या प्रश्नातून जवळपास सगळ्याच निसटतात. म्हणून आशाताईंना, परिचारिकांना आणि डॉक्टरांना विनंती आहे : गरोदर बाईला पहिल्याच तपासणीत नाव घेऊन विचारा, ‘मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?’ विचारताना आवाजात रागावणे नको. रागावलात तर पुढच्या खेपेला उत्तर बदलेल, सवय बदलणार नाही. घरातल्यांनी तिच्यासमोर तंबाखू भाजणे थांबवावे आणि दुखणारी दाढ आधी दाखवून घ्यावी. सोडताना आधार हवा असेल तर 1800-112-356 हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.