फोटो चिकटवलेला अर्ज

सोल, दक्षिण कोरिया

सकाळी आठच्या सुमाराला मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइनीवर, म्हणजे शहराला गोल फेरी मारणाऱ्या हिरव्या गाडीत, एक दृश्य रोज दिसतं. कोट, पर्स, हातात कॉफी असं सगळं नीटनेटकं असलेल्या मुली, आणि कपाळावर येणाऱ्या केसांत गुंडाळलेला एक गुलाबी रोलर. नव्याने आलेला माणूस चक्रावतो. भर डब्यात त्या रोलर लावून बसतात, कारण तिथे कोण बघतंय याची त्यांना फिकीर नसते. बट जागेवर राहायला हवी ती ऑफिसात. स्टेशन आलं की रोलर पर्समध्ये जातो. पनवेलहून सीएसएमटीला निघालेल्या लोकलच्या लेडीज डब्यात ज्यांनी वाशीची खाडी ओलांडता ओलांडता काजळ घातलं आहे, त्यांना यातलं काहीच समजावून सांगायला नको.

या रोलरला कोरियाच्या इतिहासात मानाची जागा आहे. १० मार्च २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांना पदावरून काढायचं की नाही याचा निकाल घटनात्मक न्यायालय देणार होतं. प्रभारी मुख्य न्यायाधीश ली जंग-मी सकाळी गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन रोलर तसेच राहिले होते. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिले, आणि हसण्याऐवजी लोकांनी, विशेषतः बायकांनी, त्यांचं कौतुक केलं. कामाच्या ओझ्यात रोलर विसरलेली बाई त्यांना आपली वाटली. त्याला एक दुखरी पार्श्वभूमीही होती. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल नावाची बोट बुडून ३०४ माणसं गेली, त्यांत बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. त्या दुपारी राष्ट्राध्यक्षांनी केशरचनेसाठी बाई बोलावून घेतली होती, हे पुढे २०१६ च्या अखेरीस उघड झालं. त्यामुळे न्यायमूर्तींच्या डोक्यावरच्या त्या दोन रोलरांचा अर्थ इथल्या माणसाला कुणी उलगडून सांगावा लागला नाही.

केसांवरून, त्वचेवरून माणसाची लायकी वाचायची सवय या देशाला फार खोलवर आहे. कोरिया समजून घ्यायचा तर सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांआधी नोकरीचा अर्ज पाहावा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं फोटोची चौकट आहे, आणि या एका फोटोवर जगणारे स्टुडिओ गल्लोगल्ली आहेत. तिथे केस बसवून मिळतात, मेकअप होतो, कोट भाड्याने मिळतो आणि शेवटी संगणकावर जबड्याची रेघही बारीक केली जाते. कॉलेज संपवून नोकरी शोधणारी मुलगी हा खर्च पुस्तकांच्या आणि परीक्षेच्या शुल्काच्या हिशेबातच धरते. नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होते. ती संपली की डोळ्यांच्या पापणीवर घडी पाडून घेणारी शस्त्रक्रिया अनेक घरांत मुलीला भेट म्हणून दिली जाते. गांगनाम भागातल्या आपगुजोंग स्टेशनातून बाहेर पडलं की इमारतींवर मजल्यागणिक क्लिनिकांच्या पाट्या दिसतात. मेट्रोत तर 'आधी' आणि 'नंतर' अशा जोडफोटोंच्या जाहिरातींचा इतका भडिमार होता की लोकांच्या तक्रारींनंतर २०१७ मध्ये सोल मेट्रोने प्लास्टिक सर्जरीच्या जाहिराती टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं.

इथल्या बायकांना आरसा जास्त प्रिय आहे म्हणून हे घडत नाही. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या गटात पुरुष आणि स्त्रियांच्या पगारातली तफावत सर्वांत मोठी आहे ती कोरियात, जवळपास तीस टक्के. जिथे दार इतकं अरुंद आहे तिथे आत शिरण्यासाठी जे जे उपयोगी पडेल ते माणूस करतो. 'छंद म्हणून नटतात' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

आणि इथल्या बायकांनी हे मुकाट सोसलेलं नाही. २०१८ साल मला फार महत्त्वाचं वाटतं. बायकांचं चोरून चित्रीकरण करणाऱ्या छुप्या कॅमेऱ्यांविरुद्ध त्या वर्षी सोलच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या. त्याच काळात 'कॉर्सेट काढून फेका' ही चळवळ फोफावली. मुलींनी लिपस्टिक मोडल्या, पावडरच्या वड्या चुरडल्या, केस कापले आणि त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकले. मेकअप शिकवून लोकप्रिय झालेल्या लीना बे या यूट्यूबर तरुणीने जून महिन्यात एक व्हिडिओ टाकला. त्यात ती मेकअप करते, आपल्या दिसण्यावर आलेले अपमानास्पद शेरे पडद्यावर उमटत जातात, आणि मग ती सगळा मेकअप पुसून टाकते. तिला लाखो प्रेक्षक मिळाले आणि जिवे मारण्याच्या धमक्याही. एप्रिलमध्ये एमबीसी वाहिनीच्या इम ह्यॉन-जू सकाळच्या बातम्या द्यायला चष्मा लावून बसल्या. एवढ्याशा गोष्टीची देशभर बातमी झाली, कारण पुरुष निवेदकांचा चष्मा कुणाच्या नजरेत येत नसे आणि बाईचा मात्र जवळजवळ कधीच दिसत नसे. रोज पहाटे खोट्या पापण्या चिकटवून त्यांचे डोळे कोरडे पडत, ठणकत. त्याच महिन्यात जेजू एअर या विमान कंपनीने हवाई सुंदरींना चष्म्याची परवानगी दिली.

याची किंमतही मोजावी लागली. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाज आन सानने तीन सुवर्णपदकं जिंकली, आणि त्या आनंदाच्या दिवसांतही तिचे केस आखूड का, ती स्त्रीवादी आहे का, म्हणून पुरुषांच्या टोळक्यांनी तिला इंटरनेटवर छळलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंजू शहरात रात्रपाळी करणाऱ्या दुकानातल्या एका मुलीला तिचे केस आखूड आहेत एवढ्याच कारणावरून एका तरुणाने बेदम मारलं. सोडवायला आलेल्या वयस्क गिऱ्हाइकालाही त्याने सोडलं नाही. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने या गुन्ह्यामागे स्त्रीद्वेष होता असं निकालात स्पष्ट नोंदवलं. आपल्याकडे कुणी 'नका ना वापरू मेकअप, कोण जबरदस्ती करतंय?' असं सहज म्हणतं तेव्हा मला ही मुलगी आठवते. तिने केस कापले होते, इतकंच.

तरी कायद्याने थोडी वाट केली. २०१७ पासून सरकारी आणि सार्वजनिक संस्थांच्या भरतीत अर्जावर फोटो, शाळा, घराणं दाखवायचं नाही असा नियम आला. २०१९ मध्ये भरतीचा कायदा सुधारला, आणि तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना उमेदवाराचं रूप, उंची, वजन, लग्न झालंय का, आईबाप काय करतात हे अर्जात विचारायला बंदी झाली. मोडणाऱ्याला पन्नास लाख वॉनपर्यंत दंड. फोटोची चौकट मात्र खासगी कंपन्यांत पुष्कळ ठिकाणी अजून टिकून आहे.

आता कोरियातून जे आपल्या पनवेलला पोचतं त्याविषयी. माझ्या भाचीने मागच्या महिन्यात वस्तूंची यादी पाठवली: टोनर, इसेन्स, दोन सीरम, गोगलगायीच्या चिकट स्रावाचं क्रीम, शीट मास्क, सनस्क्रीन. तिला काचेसारखी चमकदार त्वचा हवी आहे. ओरायन मॉलमध्ये नाहीतर मोबाइलवर यातलं बरंच मिळतं, पण मावशी सोलमध्ये असताना तिथलंच हवं. तिचं वय पाहता हे साहजिक आहे. पण दहा पायऱ्यांची जी 'कोरियन दिनचर्या' तिने पाठ केली आहे ती माझ्या ओळखीच्या कोरियन बायका पाळताना मला दिसत नाहीत. तो आकडा गाजला अमेरिकेतल्या विक्रेत्यांमुळे. शिवाय थरावर थर लावण्यामागे इथलं हवामान आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडं, बोचरं वारं येतं, पारा शून्याच्या खाली दहापर्यंत उतरतो, आणि घरं जमिनीखालून तापवलेली असतात, त्यामुळे आतली हवा आणखी सुकते. ओठ फाटतात, गाल सालपटतात. कर्नाळ्याच्या पायथ्याशी मे महिन्यात घामाने थबथबणाऱ्या मुलीने ते सगळे थर चढवायचं कारण नाही.

कोरियन प्रसाधनांच्या या धंद्याचं मूळ मात्र मला मनापासून आवडतं. आज जगभर पसरलेल्या आमोरेपॅसिफिक या कंपनीची सुरुवात १९३० च्या दशकात काएसोंग गावातल्या युन दोक-जंग या बाईंच्या स्वयंपाकघरात झाली. त्या कॅमेलियाच्या बियांचं तेल गाळून केसांसाठी विकत. मुलाने १९४५ मध्ये कंपनी काढली. पनवेलकराला यात काही परकं वाटू नये. आपल्या गावात धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ पासून आहे, आणि दिवाळीचं उटणं दुकानात मिळायच्या आधी घरोघरी कुटलं जायचं. फरक पडला तो आकारात. २०२४ मध्ये कोरियाने दहा अब्ज डॉलरहून अधिक किमतीची सौंदर्यप्रसाधनं निर्यात केली. एवढा मोठा धंदा चालायचा तर कुठल्या ना कुठल्या मुलीला आपल्या चेहऱ्यात रोज नवी उणीव सापडत राहावी लागते.

आणखी एक गोष्ट यादी करणाऱ्या सगळ्याच भाच्यांनी ध्यानात घ्यावी. कोरियाच्या २००० पासूनच्या कायद्यात 'विशेष परिणाम करणाऱ्या' प्रसाधनांचा एक वर्ग आहे. त्यात सुरकुत्या कमी करणारी, उन्हापासून वाचवणारी, आणि त्वचा उजळ करणारी प्रसाधनं येतात. यांतल्या शेवटच्या प्रकारात मान्यता मिळालेल्या घटकांत नायसिनामाइड आहे, आणि तेच आपल्याकडच्या गोरेपणाच्या क्रीममध्येही असतं. म्हणजे १९१९ मध्ये मुंबईत पाटणवालांनी आणलेलं अफगाण स्नो, १९७५ मधलं फेअर अँड लव्हली, २०२० मध्ये बदललेलं त्याचं नाव, आणि आजची सोलहून आलेली बाटली हा एकच सलग रस्ता आहे. सनस्क्रीन मी भाचीला पाठवली आहे. ती इथे खरोखर उत्तम मिळते आणि पनवेलच्या उन्हात उपयोगाची आहे. बाकीचं नाही पाठवलं, आणि का नाही ते तिला फोनवर सविस्तर सांगितलं.

कारण कोरियन मुलीला जो फोटो नोकरीच्या अर्जावर लावावा लागतो, तो आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटावर लागतो. नाव, जन्मवेळ, रास, नक्षत्र, उंची, आणि मग 'वर्ण'. तिथे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी काहीतरी भरायचं असतं. पदवी, पगार, कामातलं यश हे सगळं खाली. एखादीचं जमत नाही म्हटलं की शेजारची काकू मायेने पार्लरचं नाव सुचवते. मायेनेच सुचवते, म्हणून नकार देणं अवघड जातं. कोरियात दबाव टाकणाऱ्या कंपनीला दंड करता येतो. काकूला कोण करणार? पण बायोडेटा टाइप करतो तो भाऊ, वडील, कधी ती मुलगी स्वतः. 'वर्ण' ही ओळ पुसायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही. मुलाकडच्यांनी विचारलंच तर त्यांच्याविषयी एक गोष्ट लग्नाआधीच कळली.

पार्लरच्या याच वाटेवर अकोल्यात काय झालं ते २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं होतं. जैवतंत्रज्ञान शिकणारी एक तरुणी ब्युटिशियनकडून मिळालेलं क्रीम लावत होती. रंग उजळला, लोक विचारू लागले, म्हणून आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मदतीने शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ दरम्यान मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत एक दुर्मीळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं वापरत होते.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच रोखतो, म्हणून थोड्या दिवसांत 'गुण' दिसतो. मग तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. त्याची वाफ घरातल्या लेकरांच्याही श्वासात जाते. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मंजुरी दिली. आपल्या २०२० च्या प्रसाधन नियमांतही पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर नकळत आलेला अंशही दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही. तरीही बिननावाच्या डब्या बाजारात फिरतात. स्टेरॉइडची मलमंही फिरतात. २०१८ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण 'चेहऱ्याला छान आहे' म्हणून ती हातोहात दिली जातात आणि पुढे त्वचा पातळ, लाल, केसाळ होते.

म्हणून पनवेलमधल्या माझ्या बहिणींना आणि वहिनींना विनंती आहे. कपाटातली डबी आज काढून बघा. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी तिच्यावर हवी. परदेशी असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक आणि भारतातल्या आयातदाराचा पत्ता हवा. यातलं काही नसेल, किंवा पार्लरमध्ये साध्या डबीत भरून दिलेली असेल, तर लावणं थांबवा. पायांवर, डोळ्यांखाली सूज दिसत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्या आणि किती महिने लावली ते न लाजता सांगा. डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असं नाही.