मुळशीचा लघुउद्योजक आणि शोधयंत्राची बाजारपेठ
संकेतस्थळाच्या प्रसिद्धीसाठी पैसे खर्च करण्यापूर्वी

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका महाराष्ट्राला अनेक कारणांनी परिचित आहे. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी केलेला सत्याग्रह आपल्या इतिहासात नोंदला गेला आहे. आज याच तालुक्याची दोन रूपे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एका टोकाला हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे आणि तेथे जगभरच्या संगणक-व्यवसायाची कामे चालतात. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा घाट, धरणाचे पाणलोट आणि कोळवण खोऱ्यातील भातखाचरे आहेत. या दुसऱ्या टोकावरचा शेतकरी आता घरगुती निवास चालवितो, आंबेमोहोर तांदूळ थेट ग्राहकाला विकतो, आणि पिरंगुट परिसरातील छोटा कारखानदार सुटे भाग बनवितो. या सर्वांजवळ आज स्वतःचे संकेतस्थळ असते, अथवा ते असावे अशी त्यांची इच्छा असते.

संकेतस्थळ तयार झाले की थोड्याच दिवसांत दूरध्वनी येऊ लागतात. "आपले संकेतस्थळ गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, दरमहा अमुक रुपये द्या," असा प्रस्ताव मांडला जातो. या सेवेस 'एसईओ', म्हणजे शोधयंत्रास अनुकूल अशी संकेतस्थळाची रचना, असे म्हणतात. ही सेवा मुळात बनावट नाही. तथापि ती कोणी घ्यावी, केव्हा घ्यावी आणि पैसे नेमके कशाचे द्यावेत, याचा उलगडा न झाल्याने हंगामाची कमाई व्यर्थ जाण्याचा संभव असतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्याकडे गावातील उद्योजक सल्ल्यासाठी येतात. म्हणून या विषयाची मूलभूत माहिती त्यांना असणे इष्ट आहे.

शोधयंत्र काम कसे करते

गूगल ही कंपनी लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली अमेरिकेत स्थापन केली. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने निर्देश करतात, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवावे, ही त्यांची मूळ कल्पना होती. गावात एखाद्या वैद्याचे नाव दहा जाणती माणसे सांगतात, तेव्हा आपण त्याच्याकडे जातो. तसाच हा विचार होय.

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याचा स्वयंचलित कार्यक्रम एका पानावरून दुसऱ्या पानावर जात संकेतस्थळे वाचतो. दुसऱ्या टप्प्यात वाचलेल्या पानांची सूची तयार होते; ग्रंथालयातील तालिकेशी तिची तुलना करता येईल. कोणी प्रश्न विचारला की तिसऱ्या टप्प्यात सूचीतून योग्य पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. नैसर्गिक निकालातील हा क्रम पैसे देऊन विकत घेता येत नाही. जाहिरातीची जागा मात्र विकत मिळते. ती वेगळी दाखविली जाते आणि पैसे थांबले की जाहिरातही थांबते. या दोन गोष्टींची गल्लत करणे ही फसगतीची पहिली पायरी ठरते.

क्रम लावण्याच्या पद्धती वेळोवेळी बदलत आल्या आहेत. २०११ साली निकृष्ट व उसन्या मजकुराची पाने मागे ढकलणारा बदल गूगलने केला. २०१२ साली विकत घेतलेल्या अथवा कृत्रिम रीतीने जोडलेल्या निर्देशांवर टाच आणली. २०२४ पासून भारतातही अनेक प्रश्नांना निकालाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर दिसू लागले आहे. आज उपयोगी पडणारी युक्ती उद्या निरुपयोगी होऊ शकते. खरी, स्पष्ट आणि उपयुक्त माहिती देणारे पान मात्र सहसा टिकून राहते.

पैसे न देता होणारे काम

कोणालाही पैसे देण्यापूर्वी उद्योजकाने स्वतः करावयाची कामे बरीच आहेत. गूगलवर आपल्या व्यवसायाची नोंद करणे विनामूल्य आहे. नकाशावरील अचूक स्थान, दूरध्वनी, कामाच्या वेळा आणि छायाचित्रे तेथे देता येतात. आसपासची ठिकाणे शोधणाऱ्यास निकाल दाखविताना गूगल तीन गोष्टी पाहते: प्रश्नाशी असलेला संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. यांतील अंतर कोणत्याही सल्लागारास कमी करता येत नाही. उरलेल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असतात.

संकेतस्थळावर सुंदर चित्रे असतात, परंतु पाहुण्याला हवी असलेली माहिती नसते, हा नेहमीचा दोष होय. चांदणी चौकातून पिरंगुट, पौडमार्गे यावयाचे की अन्य रस्त्याने, पावसाळ्यात शेवटचा रस्ता मोटारीस योग्य आहे काय, जेवण कोणते, दर किती, भ्रमणध्वनीस संपर्क मिळतो काय, ही उत्तरे साध्या मराठीत आणि इंग्रजीतही लिहावीत. पौड, मुळशी, ताम्हिणी ही नावे रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात. म्हणून गावाचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे नाव मजकुरात स्पष्ट यावे. आंबेमोहोर तांदळास भौगोलिक मानांकन आहे. तांदूळ विकणाऱ्याने त्या मानांकनाची माहिती, आपले शेत, कापणीचा हंगाम आणि साठवणीची रीत लिहिली, तर त्या पानास आपोआपच मोल येते.

संकेतस्थळ कोणत्या प्रश्नांना निकालात दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे दाखविणारे 'सर्च कन्सोल' नावाचे साधनही गूगल विनामूल्य देते. ते सुरू करून घेणे हे पहिल्याच दिवसाचे काम समजावे.

खर्चाचा हिशेब

आता पैशाचा प्रश्न पाहू. समजा, दोन खोल्यांचे घरगुती निवास चालविणाऱ्या शेतकऱ्यास दरमहा १०,००० रुपयांची सेवा सहा महिन्यांसाठी देऊ करण्यात आली. एकूण ६०,००० रुपये झाले. संस्था जीएसटी नोंदणीकृत असल्यास १८ टक्क्यांप्रमाणे १०,८०० रुपये वाढतात आणि खर्च ७०,८०० रुपयांवर जातो. शेतकरी स्वतः नोंदणीकृत नसेल, तर या कराची वजावट त्याला मिळत नाही.

एका खोलीच्या एका रात्रीमागे सर्व खर्च वजा जाता त्यास १,५०० रुपये उरतात असे धरू. मग केवळ हा खर्च भरून निघण्यासाठी ४८ जादा खोली-रात्री भरल्या पाहिजेत. त्याच्याकडे पाहुणे मुख्यतः शनिवारीच येतात. सहा महिन्यांत शनिवार २६, खोल्या दोन, म्हणजे एकूण ५२ खोली-रात्री. त्यांतील निम्म्या आधीच भरत असतील, तर रिकाम्या फक्त २६ राहतात. त्या सर्वच्या सर्व भरल्या तरी ३९,००० रुपये मिळतील आणि ३१,८०० रुपये खिशातून जातील. सेवा उत्तम असली, सल्लागार प्रामाणिक असला, तरीही हा व्यवहार तोट्याचाच आहे. दोष सेवेचा नाही. विकावयाच्या जागा तेवढ्या नाहीत, एवढेच. अशा व्यवसायाने एकदाच ठरावीक रक्कम देऊन संकेतस्थळाची तपासणी व दुरुस्ती करून घ्यावी आणि पुढचे काम घरीच करावे, हे श्रेयस्कर.

सुटे भाग बनविणाऱ्या छोट्या कारखान्याचे गणित निराळे आहे. त्यास वर्षातून दोन नवे खरेदीदार मिळाले, तरी प्रत्येकाची मागणी काही वर्षे चालू राहू शकते. तेथे हाच खर्च वाजवी ठरेल. तांदूळ विकणाऱ्या बचत गटास हंगामापुरतेच काम असते. त्यांनी कापणीच्या तोंडावर सल्लागार शोधू नये. सुधारणांचा परिणाम दिसण्यास साधारणपणे चार महिने ते एक वर्ष लागते, असे खुद्द गूगलचे मार्गदर्शन आहे. नोव्हेंबरात विक्री हवी असेल, तर पेरणीच्या दिवसांतच संकेतस्थळाचीही मशागत झाली पाहिजे.

सावध राहण्याच्या खुणा

काही खुणा आढळल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाही देता येत नाही, असे गूगलने स्वतः स्पष्ट केले आहे. म्हणून हमी हीच पहिली धोक्याची खूण. गूगल कंपनीशी आपला 'खास संबंध' असल्याचा दावा ही दुसरी. हजारो निर्देश अल्प दरात जोडून देण्याचे आश्वासन ही तिसरी. अशा निर्देशांचा लाभ होत नाही आणि संकेतस्थळाचा क्रम घसरण्याचा धोका मात्र राहतो. विकतचे अभिप्राय ही चौथी. ग्राहकांच्या अभिप्रायांबाबत भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली मानक प्रसिद्ध केले आहे. शिवाय खोटी स्तुती वाचून आलेला पाहुणा परतताना खरी तक्रार लिहून जातो, हेही ध्यानात ठेवावे. परवलीचा शब्द अथवा ओटीपी दूरध्वनीवर मागणाऱ्यास तर थारा देऊच नये. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

सातबारा कोणाच्या नावावर?

या सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे त्याचा इंटरनेटवरील पत्ता, नोंदणी करून ठरावीक मुदतीसाठी घ्यावा लागतो. पुष्कळदा ही नोंदणी सल्लागार स्वतःच्या नावाने करतो. पुढे मतभेद झाले की मालकास आपल्याच दुकानाचे कुलूप उघडता येत नाही. कित्येक वर्षे पाहुण्यांनी लक्षात ठेवलेला पत्ता, गोळा झालेले अभिप्राय, जमलेली ख्याती, सर्व दुसऱ्याच्या ताब्यात राहते. जमिनीसाठी सत्याग्रह केलेल्या या तालुक्यास सातबाऱ्याचे महत्त्व सांगावयास नको. संकेतस्थळाच्या नावाची नोंद हा त्या व्यवसायाचा सातबाराच होय. तो मालकाच्याच नावे असावा. गूगलवरील व्यवसायनोंद आणि सर्च कन्सोल यांचे मुख्य अधिकारही मालकाकडेच असावेत. सल्लागारास फक्त कामापुरती परवानगी द्यावी.

फुकट मिळालेल्या जागेवर सर्वस्वी विसंबणेही बरे नव्हे. गूगलच्या व्यवसायनोंदीतून तयार होणारी विनामूल्य संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. ज्यांचे स्वतःचे संकेतस्थळ नव्हते, त्यांना नव्याने आरंभ करावा लागला.

करार लेखी असावा. कोणती पाने सुधारावयाची, कोणता मजकूर लिहावयाचा, दरमहा कोणता अहवाल द्यावयाचा आणि करार संपल्यावर काय सुपूर्द करावयाचे, हे त्यात नमूद करावे. मुदत प्रारंभी तीन ते सहा महिन्यांची ठेवावी आणि संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेस ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील 'ग्राहक' या व्याख्येचा लाभ मिळत नाही. त्यामुळे येथे कागदावरील शब्दाला अधिकच महत्त्व आहे.

यशाची मोजणीही साधी ठेवावी. क्रमांक किती वर गेला, यापेक्षा चौकशा किती आल्या हे पाहावे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास अथवा गिऱ्हाइकास "आमचा पत्ता कोठून मिळाला?" असे विचारून उत्तर वहीत लिहावे. सहा महिन्यांची अशी वही कोणत्याही रंगीत अहवालापेक्षा अधिक खरे सांगते.

गावाने करावयाचे साहाय्य

या कामी ग्रामपंचायतींना आणि शाळांना बरेच काही करता येईल. गावाचे, वाड्यांचे आणि रस्त्यांचे नाव नकाशावर चुकीचे असेल, तर त्याचा फटका गावातील प्रत्येक व्यवसायास बसतो. ही दुरुस्ती एकत्रितपणे सुचविता येते. शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली वरच्या वर्गातील विद्यार्थी आपल्या गावाची, पिकांची, देवस्थानांची आणि वाटांची माहिती शुद्ध मराठीत लिहू शकतील. ग्रामसभेत वर्षातून एकदा उद्योजकांनी आपले अनुभव व करारांचे नमुने एकमेकांस दाखविले, तर एकाची ठेच दुसऱ्यास शहाणे करील.

शोधयंत्र ही आजची मोठी बाजारपेठ आहे. तेथे दुकान मांडण्यास मुळशीच्या शेतकऱ्याने कचरण्याचे कारण नाही. परंतु बाजारास जाताना आपण माप स्वतः नेतो आणि मोडही स्वतः मोजून घेतो. हीच सवय या नव्या बाजारातही ठेवली, तर त्याच्या कष्टाचा पैसा त्याच्याच घरी येईल.